आसारामनं जीप उभी केली

भिंगारमध्ये पाथर्डीच्या रस्त्याला आसाराम पालवे नावाचा एक ड्रायव्हर राहायचा. चाळिशीचा गडी, अंगानं काटक, बोलायला कमी. पलटणीत बारा वर्षं गाड्या हाकून तो परत आला होता आणि तिथली शिस्त त्याच्या हाडात मुरली होती. गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय तो सीटवर बसायचा नाही. चारी टायर लाथेनं ठोकणार, वाकून खाली बघणार, स्टेअरिंग दोन बोटांनी हलवून बघणार, मगच स्टार्टर. स्टँडवरची माणसं त्याला ‘गोगलगाय’ म्हणायची. पण घरातली पोटुशी लेक माहेरी आणायची असली, की हीच माणसं म्हणायची, “आसाराम हाय का बघा. नसंल तर उद्या जाऊ.”

माणूस मूळचा चिंचदऱ्याचा. करंजीचा घाट ओलांडून गेलं की एक फाटा लागतो, तिथून आत तीन कोस. वाट सगळी दगडाची, मध्ये एक नदी. नदी म्हणायची एवढंच. आठ महिने तिच्यात नुसती वाळू. आईबाप लहानपणीच गेले. थोरली बहीण मुक्ताबाई लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं करून माघारी आली होती, तिनंच याला वाढवलं. दर दिवाळीला ती टोळीबरोबर ऊसतोडीला जायची आणि या पोराला शेजारच्या भागूबाईच्या पदरात टाकून जायची. तिच्या कोयत्यावर आसाराम सातवीपर्यंत शिकला आणि भरती झाला. पुढं त्याचं लग्नही तिनंच लावलं. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. आसारामनं पुन्हा घर केलं नाही. भिंगारला एक खोली घेऊन राहिला.

बहात्तर साल कोरडं गेलं. त्याच्या आधीचंही धड नव्हतंच. त्र्याहत्तर सुरू होताच चिंचदऱ्याला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. तीनशे माणसं कामावर. बाप्ये माती उपसायचे, बाया रस्त्याच्या कडेला ओळीनं बसून खडी फोडायच्या. नगरच्या काही मंडळींनी एक मदत समिती काढली होती, ती लहान लेकरांना, अंगावर पाजणाऱ्या बायांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना सुकडी वाटायची. भाजलेल्या पिठात गूळ नि तेल घातलेली ती सुकडी. वाटपाला भिंगारच्या लंकाबाई होत्या. पन्नाशीच्या, सुईणपण केलेल्या, तोंडाच्या फटकळ. आणि पोती न्यायला होती आसारामची जीप.

जीप आसारामची नव्हती. सोनईच्या आबासाहेबांची होती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर पलटणीनं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा त्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. स्टेअरिंग डाव्या बाजूला, पुढची काच आडवी पाडता येणारी, दारं नाहीतच. बॉनेटवर दहादा रंग दिला तरी उन्हात तिरपं बघितलं की खालचा पांढरा तारा दिसायचा. पण तिच्यात एक गुण होता. गिअरशेजारची बुटकी दांडी ओढली, की मागच्याबरोबर पुढची चाकंही जोर लावायची. चिंचदऱ्याच्या नदीत ट्रक रुतायचे, ट्रॅक्टर आडवे व्हायचे. ही म्हातारी मात्र गुरगुरत वाळूतून पलीकडं निघायची. आबासाहेबांनी दुष्काळापुरती ती समितीला दिली आणि समितीनं आसारामला बोलावलं.

चार महिने रोज पोत्यांचं ओझं आणि खाली दगडाची वाट. जीप तीस वर्षांची. आधी स्टेअरिंगमध्ये दोन बोटं ढील आली. मग चार बोटं. वैशाख लागला तेव्हा पाव वळसा स्टेअरिंग फिरलं तरी पुढच्या चाकाला त्याचा पत्ता नसायचा. आसारामनं समितीच्या सेक्रेटरींना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, “एवढा दुष्काळ ढकलू या, मग बघू.” त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्यापुढं बावीस गावं होती.

आणि मग तो मंगळवार आला.

तलावाच्या अलीकडं एक उतार आहे. उताराच्या डाव्या अंगाला बाया खडी फोडत बसलेल्या. आसाराम दुसऱ्या गिअरमध्ये हळूच उतरत होता. शेजारी लंकाबाई, मागं आठ पोती. एका खड्ड्यात उजवं चाक आदळलं आणि पुढची दोन्ही चाकं नाचायला लागली. नाचायला म्हणजे थरथरायला नव्हे. डावीकडं, उजवीकडं, फडाफडा, जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखी. स्टेअरिंग आसारामच्या हातातून हिसकून जात होतं. त्यानं ते उजवीकडं ओढलं, पार टोकापर्यंत ओढलं. जीप डावीकडंच गेली. ब्रेकवर तो उभाच राहिला. मागची पोती पुढं आली, लंकाबाई काचेवर आपटल्या, आणि जीप पहिल्या बाईच्या खडीच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

ती बाई हातातली हातोडी तशीच धरून बसली होती. तिला उठायला अवसरच मिळाला नव्हता. ओळीत तिसरी मुक्ताबाई होती. आसारामला तिचा निळा पदर दिसला, आणि मग काही वेळ त्याला काहीच दिसलं नाही.

बाया हसल्या. भ्यायलेलं माणूस हसतं तशा हसल्या. एकजण म्हणाली, “आसारामभाऊ, आमची खडी फोडाय जीप आनली का काय?” लेकरं वाट्या घेऊन धावत आली. जीपला काय झालं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. लंकाबाईंनी कपाळाचं रक्त पदरानं पुसलं आणि पोत्याचं तोंड सोडलं.

आसाराम जीपखाली सरपटत गेला. पुढच्या एक्सलच्या मधोमध एक आडवा लोखंडी हात असतो. मेकॅनिक त्याला बेलक्रँक म्हणतात. स्टेअरिंग फिरलं की तो हात आपल्या पिनेवर फिरतो आणि दोन्ही चाकांच्या दांड्या ओढतो. ती पिन झिजून झिजून मधे कंबरेसारखी बारीक झाली होती. हाताचं गोल भोक लांबट झालं होतं. दांड्यांच्या टोकाचे गोळे हातानं हलत होते. सगळ्या गाडीचा आणि गाडीपुढच्या सगळ्या माणसांचा जीव त्या बोटाएवढ्या लोखंडावर टांगलेला होता.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे हात कापत होते. सगळ्या बायांनी ते बघितलं. मुक्ताबाई उठून जवळ आली.

“काय झालं रं?”

“काय न्हाई, आक्का. जरा खराबी हाय.”

“तोंड बघ तुझं कसं झालंय. पानी पी.”

पाणी प्यायला तिनं स्वतःचाच तांब्या दिला. त्यातलं अर्धं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

परतीच्या वाटेवर तो माणूस चालतो त्या चालीनं जीप चालवत होता. फाट्याला आल्यावर तो म्हणाला, “लंकाबाई, उद्यापासून गाडी बंद. स्टेअरिंगचं काम झाल्याबिगर मी ही गाडी मानसांत न्हेनार न्हाई.”

घाट आला, घाट गेला. मग लंकाबाई म्हणाल्या, “आन ती लेकरं?”

आसारामनं त्याच चालीनं जीप भिंगारला आणली.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं सोनईला गेला. आबासाहेब ओसरीवर बसले होते. समोर विहीर होती, तिच्यात आता उतरायच्या पायऱ्या तळापर्यंत दिसत होत्या. आसारामनं झालं ते सांगितलं. मनात त्याला वाटत होतं, मालक रागवावा. म्हणावा, गाडी माझी आहे, गुमान चालव. किंवा म्हणावा, खबरदार हात लावलास तर. कुठलंही एक. आबासाहेब भला माणूस होता. ते म्हणाले, “आसाराम, मला यातलं काय कळतंय? तू पलटणीतला मानूस. उभी कर म्हनशील तर उभी कर, चालव म्हनशील तर चालव. तू ठरवशील ते मला मान्य हाय.”

आसाराम पुन्हा एसटीत बसला. एवढं मोठं ओझं कुणी इतक्या प्रेमानं त्याच्या डोक्यावर आजवर ठेवलं नव्हतं.

भिंगारात, पाथर्डीच्या रस्त्याला लागूनच, गोरक्षनाथ मिस्तरींचं लोखंड कातायच्या लेथचं दुकान होतं. पत्र्याची शेड, पुढं कडुनिंब. त्या कडुनिंबाखाली जीप ओंडक्यांवर चढवली. पुढची चाकं काढली, दांड्या सोडल्या, बेलक्रँक ठोकून बाहेर काढला. मिस्तरींनी जुनी पिन हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि आसारामकडं बघितलं.

“हिच्यावर घाट उतरत हुतास?”

“व्हय.”

“तुझं दैवत जागं हाय बाबा.”

त्याच रात्रीची गाडी धरून आसाराम पुण्याला गेला. नाना पेठेत मोटारीच्या पार्टची दुकानं धुंडाळली. सकाळपासून दुपारपर्यंत सगळे एकच म्हणत होते, लढाईतल्या जीपचं आता कुठं मिळतंय? शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरून एक खोकं काढलं. नवा बेलक्रँक, नवी पिन, दांड्यांचे गोळे, बेअरिंग, सगळं ग्रीसच्या कागदात गुंडाळलेलं. “आपल्याकडं बनतात त्या जीपचं आहे,” तो म्हणाला. “लागायला पाहिजे.”

दांड्यांचे गोळे लागले. चाकांच्या मुळाशी असतात ती किंगपिनची बेअरिंगं चपखल बसली. आसारामचा जीव हलका झाला. मग त्यानं नवी पिन एक्सलच्या भोकाशी धरली, आणि ती आत जाईना. मिस्तरींनी माप घेतलं. पुन्हा घेतलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा घेतलं.

“एक सूत जाड हाय,” ते म्हणाले.

एक सूत. इंचाचा आठवा भाग. म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही. लढाईतल्या जीपला बारकी पिन होती, नंतरच्या जीपला जाड. पुण्याचा दुकानदार खोटं बोलला नव्हता. लागायला पाहिजे, एवढंच तो म्हणाला होता.

आता दोनच वाटा होत्या. एक्सलचं भोक मोठं करायचं. पण तेवढी मोठी मशीन साऱ्या नगरात रिकामी नव्हती, सगळ्या कारखान्यांवर बोअरच्या यंत्रांची कामं लागली होती. नाहीतर पिनेचं खालचं टोक लेथवर एक सूत उतरवायचं. मिस्तरींनी पिन लेथला लावली. पिन पाणी दिलेली, कडक. लेथचं हत्यार तिच्यावरून नुसतं ठिणग्या उडवत घसरायला लागलं. मग ती भट्टीत लाल करून, राखेत निववून मऊ करायची, मग कापायची, मग पुन्हा पाणी देऊन कडक करायची. आणि लेथ चालायचं विजेवर. धरणांत पाणी नाही म्हणून वीज दिवसातून दोन तास यायची. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी नाहीच.

लंकाबाई रोज सकाळी दुकानापुढं येऊन उभ्या राहायच्या. कपाळावर पट्टी, काखेत पिशवी.

“झालं?”

“न्हाई अजून.”

मग त्या स्टँडवर जायच्या. जीप बंद पडल्यापासून त्यांनी पोती पाथर्डीच्या एसटीच्या टपावर टाकायला सुरुवात केली होती. कंडक्टर ती चिंचदऱ्याच्या फाट्यावर उतरवायचा. तिथून पुढं तीन कोस बायकाच डोक्यावर न्यायच्या. बैल कधीच गुरांच्या छावणीत गेले होते, आणि बाप्ये हजेरी सोडून येत नव्हते. वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेले दगड, मध्ये नदीची वाळू. आठ पोत्यांच्या जागी कधी दोन पोचायची, कधी तीन.

आसारामनं कंडक्टरजवळ निरोप दिला होता, “फाट्यावर सांगा, गाडीचं काम चाललंय, आठ दिवसांत येतो.” निरोप वाटेतल्या चार तोंडांतून गेला आणि चिंचदऱ्याला पोचला तो असा, की गाडी मोडली आणि ड्रायव्हर भ्यायला. त्याचे कापणारे हात बायांनी पाहिलेच होते. कुणाला त्यात खोटं वाटलं नाही.

आठव्या दिवशी पिन कापून झाली. मिस्तरींनी ती लाल करून पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला, आणि त्याच्या मागून एक बारीक आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. पिनेला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

मिस्तरी तिथंच खाली बसले. साठीचा माणूस, आयुष्य लोखंडात गेलेलं. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “घाई केली मी.”

आसारामनं त्यांना हात देऊन उठवलं. म्हाताऱ्यानं आठ दिवस दुसरं काम हातात धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई आल्या तेव्हा त्यांनी ‘झालं?’ विचारलंच नाही. त्या जीपच्या पायरीवर बसल्या.

“आसारामभाऊ, काल फाट्यावर आलेल्या बाया मी बघितल्या. पोतं उचलताना एक चक्कर येऊन पडली. तुमी जुनं लोखंड बसवा. हळू चला. पायी चालल्यागत चला. मी म्होरं चालत जाईन, बायांना बाजूला सारत.”

आसारामला ते पटलं नाही आणि नाही म्हणवलंही नाही. त्यानं जुनी पिन घेतली, तिच्या कंबरेला डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळली, ठोकून घट्ट बसवली. दांड्या जोडल्या, चाकं चढवली. लंकाबाईंना शेजारी बसू दिलं नाही. एकटाच लष्कराच्या छावणीतल्या मोकळ्या मैदानावर गेला. पहिली चक्कर चांगली गेली. दुसरीही. त्याला वाटलं, जमलं बहुतेक. तिसऱ्या चक्करीला मैदानातल्या एका लहानशा चरीवरून चाक गेलं, पट्टी पिंक टाकावी तशी बाहेर पडली, आणि चाकं नाचायला लागली. मैदान मोकळं होतं. तो ब्रेक दाबून बसून राहिला. पुढं खडीचा ढीग नव्हता, बाया नव्हत्या. तरी त्याला त्या दिसत होत्या.

लंकाबाई लांबून हे सगळं बघत होत्या. त्या पिशवी उचलून स्टँडकडं गेल्या. त्यानंतर त्यांनी जुन्या लोखंडाचं नाव काढलं नाही.

नव्या पिनेसाठी लोखंड मिळालं ते एका ट्रकच्या तुटक्या एक्सलचं. भंगारवाल्याकडून आसारामनं ते खांद्यावर आणलं. ते करवतीनं हातानं कापायला दोन दिवस गेले. आसाराम आता खोलीवर जातच नव्हता. शेडमध्येच पडायचा, म्हणजे वीज आली की लगेच लेथ सुरू करता यावं. मिस्तरी कापायचे, तो हत्यारावर तेल सोडायचा. लोखंडाच्या कुरळ्या साली पायाशी पडत राहायच्या.

तेराव्या दिवशी वीज सकाळी साडेनऊला आली. शेवटचा हात फिरवायचा होता. पाथर्डीहून येणारी पहिली एसटी दहाच्या सुमारास दुकानापुढून गेली, रोजच्यासारखा हॉर्न वाजवून. आसारामनं मान वर केली नाही. केसाएवढ्या मापाचं काम चाललं होतं.

या वेळी मिस्तरींनी घाई केली नाही. पिन तापवली, पाण्याऐवजी तेलात बुडवली, निवेपर्यंत फडक्यात धरून ठेवली. नखानं वाजवून बघितली. ती खणखणीत वाजली. संध्याकाळपर्यंत ती बेलक्रँकमधून एक्सलमध्ये बसली, वरचा नट आवळला, ग्रीस भरलं. आसारामनं स्टेअरिंग दोन बोटांनी हलवलं. बोटं हलली तशी पुढची चाकं हलली. मधे काहीच नाही. काही म्हणजे काही नाही.

मिस्तरी म्हणाले, “आता जा बाबा.”

चौदाव्या दिवशी पहाटे आठ पोती घेऊन आसाराम निघाला. लंकाबाई शेजारी. घाटात जीप लोण्यातून सुरी जावी तशी वळत होती. वळणाला हात द्यायचा अवकाश, जीप वळायची; हात सोडला की सरळ. नदीच्या वाळूत त्यानं बुटकी दांडी ओढली, जीप गुरगुरली आणि पलीकडं निघाली. तेरा दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास आला.

तलावाच्या उताराला बाया बसल्या होत्या. जीप बघून त्या उठल्या आणि रस्त्यापासून चांगल्या दहा हात मागं सरकल्या. लेकरांनाही त्यांनी ओढून धरलं. जीप कशी सरळ आली, कशी अलगद थांबली, हे कुणी बघितलंच नाही. सगळ्यांचं लक्ष चाकांकडं होतं.

आसारामनं ओळ बघितली. निळा पदर दिसला नाही.

“आक्का कुटं?” त्यानं विचारलं.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. भागूबाई, जिच्या पदरात तो लहानपणी राहिला होता, ती पुढं आली.

“तुला ठावं न्हाई? आरं, मी तुज्या खोलीवर आल्ते की काल. कुलूप हुतं.”

मग तिनं सांगितलं. परवा मुक्ताबाई फाट्यावर पोतं आणायला गेली होती. तिची पाळी नव्हती. ज्या बाईची होती तिचं लेकरू तापानं फणफणलं होतं, म्हणून ही गेली. परत येताना नदीच्या दरडीवरून पाय सटकला. पोतं डोक्यावर, खाली दगड. खुब्याचं हाड मोडलं. बाभळीखाली उन्हात पडून होती दिवस कलेपर्यंत, तेव्हा कुठं माणसं पोचली. रात्री बाजेवर घालून फाट्यावर नेलं. सकाळच्या पहिल्या एसटीनं नगरच्या दवाखान्यात.

“पैल्या एसटीनं?” आसारामनं विचारलं. “काल?”

“काल.”

लंकाबाई म्हणाल्या, “तुमी निघा. वाटप मी करते. माझं मी बघते परत कसं यायचं ते.”

त्यानं पोती खाली उतरवली आणि जीप वळवली. जीप सुरेख वळली. कधी नव्हे ते त्यानं त्या दिवशी वेगानं गाडी हाकली, घाटातही, भिंगारातही. स्टँडवरच्या माणसांनी तोंडात बोटं घातली.

मुक्ताबाई वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होती. पायाला वजन बांधून तो ओढून धरलेला. दोन दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. आसाराम खाटेच्या कडेला उभा राहिला. हाताला ग्रीस होतं, म्हणून त्यानं हात मागं धरले.

“आक्का, मी हितंच हुतो. रस्त्याच्या कडंला. मला कुनी सांगितलंच न्हाई.”

“दिसलास की मला,” मुक्ताबाई म्हणाली. “मागच्या शिटावर निजवलं हुतं मला, भागूच्या मांडीवर डोकं. जीप दिसली झाडाखाली. तुझी पाठ दिसली. वाकून काय करत हुतास. हाक मारली मी. यष्टीत कोन ऐकतंय? भागूला वाटलं, मी कळेच्या भरात बरळतीया.”

आसारामला बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती. तो भिंतीला टेकला.

“काम चाल्लं हुतं, आक्का. गाडी चालवली असती तर तुला पोतं...” तो थांबला. “पर त्या दिशी तू वळीत हुतीस. तिसरी. मला दिसलीस तू. मी कशी चालवू?”

मुक्ताबाई वर बघत राहिली. दवाखान्याचं छत उंच होतं, त्याला पंखा होता, पण तो फिरत नव्हता.

“मला एकदा येऊन सांगायचं हुतंस,” ती म्हणाली. “लोकं म्हनली, तुझा भाऊ भेला, पळाला. मी भांडले सगळ्यांशी. पर मलाबी ठावं नव्हतं ना, काय झालंय ते.”

“निरोप दिल्ता मी.”

“निरोप कुटं कुनी नीट देतं.”

मग पायात कळ आली असावी. तिनं डोळे मिटले, खाटेचा लोखंडी दांडा गच्च धरला. कळ गेल्यावर ती हळूच म्हणाली, “बाभळीखाली पडले हुते तवा वाटत हुतं, त्या दिशी जीपच अंगावर आली असती तर बरं झालं असतं. एकदाच सुटले असते.” तिनं भावाकडं बघितलं. “आता न्हाई तसं वाटत. आता तहान लागलीया. पानी दे.”

त्यानं पाणी दिलं. तिच्या पांढऱ्या पेल्यावर काळी बोटं उमटली.

हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. पाय दोन बोटं तोकडा झाला. डॉक्टरांनी होईल ते केलं. वय आणि उन्हात गेलेला वेळ यांना त्यांच्याकडं औषध नव्हतं. पुन्हा कोयता धरणं नव्हतं, खडी नव्हती. आसारामनं तिला भिंगारच्या खोलीवर आणलं. ती बसल्या बसल्या भाकरी करायची, काठी टेकत दारापर्यंत यायची.

जीप त्यानं आणखी दोन महिने चालवली. एक दिवस चुकवला नाही. बाया हळूहळू रस्त्याजवळ बसायला लागल्या. आषाढात पाऊस झाला, कामं बंद पडली आणि जीप सोनईला परत गेली. आबासाहेबांनी त्याला ड्रायव्हर म्हणून राहायला सांगितलं. तो नको म्हणाला. पुढं तो मिस्तरींच्या दुकानातच कामाला लागला, आणि स्टेअरिंगचं काम आलं की मिस्तरी ते त्याच्याकडंच द्यायचे.

त्या सालच्या दिवाळीत लंकाबाई एकदा खोलीवर आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “आसारामभाऊ, तुमी केलं ते बरोबरच केलं. मैदानात मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

“व्हय,” आसाराम म्हणाला. आत चुलीपाशी मुक्ताबाई काठी धरून उठत होती, तिचा आवाज आला. तो उठून तिला हात द्यायला गेला.

चिंचदऱ्याचा तलाव भरला होता. भागूबाईनं निरोप पाठवला, की मुक्ते, बघून जा, सांडव्यावरून पानी चाल्लंय. पण फाट्यापासून आत तीन कोस चालायचे, आणि नदीला आता पाणी होतं. आसाराम म्हणाला, “मी पाठीवर घेतो तुला.” ती म्हणाली, “राहू दे. तूबी आता म्हातारा झालास.” पुढच्या वर्षी जाऊ, त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ, असं करत सहा वर्षं गेली. चिंचदऱ्याला पक्का रस्ता झाला आणि आत एसटी जायला लागली, तोवर ती गेलेली होती. पहिल्या एसटीनं आसाराम एकटाच गेला. तलावाच्या काठावर थोडा वेळ बसला, आणि त्याच गाडीनं माघारी आला.